खिशातली घराणी

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या रेडमंड इथे मायक्रोसॉफ्टच्या आवारात एक अंत्ययात्रा निघाली. आयफोनची भलीमोठी प्रतिकृती, मागोमाग ब्लॅकबेरीची, खांदेकरी, शववाहिका, सगळं यथासांग. ‘विंडोज फोन ७’ ही नवी प्रणाली बांधून पूर्ण झाल्याच्या आनंदात कर्मचाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांचं मर्तिक आधीच उरकून घेतलं होतं. आयफोन मात्र धडधाकट राहिला. ब्लॅकबेरी खरोखरच गेला, पण त्याला विंडोजने मारलं नाही. आणि विंडोज फोनच्या वंशाला जानेवारी २०२० मध्ये शेवटचा अपडेट मिळाला, तेव्हा खांदा द्यायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं.

अँड्रॉइड की आयफोन हा वाद आज कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि लग्नाच्या मांडवातही रंगतो. तो तावातावाने घालणाऱ्या विशीतल्या मुलांना सांगून पटत नाही, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दुकानाच्या काचेआड पाच-सहा प्रणाली शेजारी शेजारी मांडलेल्या असत. नोकियाची सिंबियन, ब्लॅकबेरी, विंडोज मोबाइल, सॅमसंगची बाडा, महागडा आयफोन आणि नवखा अँड्रॉइड. गाण्यातल्या घराण्यांसारखी त्यांची भक्तमंडळी होती. आपल्याकडची ती गायकी, दुसऱ्याकडची नुसती कसरत. या निष्ठा खऱ्या होत्या, त्यांच्यापायी मित्रांत अबोलेही झाले. पण कुठलं घराणं टिकणार आणि कुठलं बुडणार, हे त्या निष्ठांनी ठरवलं नाही. ते ठरवलं किमतीने, लिपीने आणि ‘बाकीच्यांच्या फोनमध्ये काय चालतं’ या प्रश्नाने. भारतात तर हे फारच उघडपणे घडलं.

इथली कथा नोकियापासून सुरू होते. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू एका टोकाला, केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम दुसऱ्या टोकाला, आणि हातात नोकियाचा फोन. १९९८ मध्ये कंपनीने ५११० या फोनवर ‘सारे जहाँ से अच्छा’ची रिंगटोन दिली. २००० मध्ये ३२१० वर हिंदी मेन्यू आला. २००३ मध्ये आला तो ११००, धुळीला दाद न देणाऱ्या कीपॅडचा आणि डोक्यावर टॉर्च बसवलेला. जगभरात हा फोन पंचवीस कोटींहून जास्त खपला. टॉर्चचं महत्त्व महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्याच काळात राज्यात लोडशेडिंगने कळस गाठला होता आणि खेडोपाडी रात्री विहिरीवरची मोटर सुरू करायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरीऐवजी ११०० दिसू लागला होता.

११०० हा स्मार्टफोन नव्हे. पण आवड घडली ती तिथे. नोकियाचा मेन्यू बोटांना इतका सवयीचा झाला, की अंधारातही न बघता मेसेज पाठवता येई. कुणी हौसेने दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर पहिला आठवडा हिरवं बटण कुठे आणि लाल कुठे यातच जाई. त्यामुळे खिसा जरा फुगला आणि ‘कॅमेरावाला’ फोन घ्यायची ऐपत आली, तेव्हा माणूस मुकाट नोकियाच्याच वरच्या फोनकडे वळला. दुकानात जाऊन ‘सिंबियन द्या’ असं कुणी म्हटलं नसेल. ‘६६०० दाखवा’ म्हणत.

सिंबियन त्या ६६०० च्या पोटात होती. तिचा जन्म लंडनचा. सायन नावाची ब्रिटिश कंपनी खिशात मावणारे छोटे संगणक बनवत असे; त्यांच्यासाठी तिने ‘ईपॉक’ ही प्रणाली लिहिली होती. जून १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन तिचीच ‘सिंबियन’ नावाची कंपनी काढली. संगणकावर विंडोजने जी मक्तेदारी केली ती फोनवर होऊ द्यायची नाही, हा त्यामागचा धसका. तुटपुंजी मेमरी आणि इवलीशी बॅटरी यांत संसार करायचा असल्याने सिंबियन काटकसरीने लिहिलेली होती. तिच्या या काटकसरीमुळे नोकियाचे फोन दोन-दोन दिवस चार्जिंगविना चालत. पण त्याच काटकसरीमुळे तिच्यासाठी ॲप लिहिणं ही प्रोग्रामरला शिक्षा वाटे. २००५ साली या त्रासाची पर्वा कुणाला नव्हती. पाच वर्षांनी तोच जीवघेणा ठरला.

तोवर मात्र मजा होती. ७६५०, ६६००, मग एन७०, मग एन९५. हॉस्टेलच्या खोलीत संध्याकाळी ब्लूटूथ चालू करून दहा पोरं बसत. गाणी, थीम, जावा गेम, रिंगटोन यांची देवाणघेवाण चाले, आणि ब्लूटूथला दिलेल्या नावांतून एकमेकांची टिंगलही. ज्याच्याकडे ब्लूटूथ नाही त्याच्यासाठी गल्लीतलं मोबाइलचं दुकान होतं. मेमरी कार्ड आणि थोडे पैसे दिले की दुकानदार संगणकावरून ते गाण्यांनी भरून देई. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथच्याच वाटेने सिंबियन फोनांत शिरला आणि फोनवर पसरणारा पहिला व्हायरस म्हणून इतिहासात गेला. त्यानंतर २००६ पासूनच्या फोनांत नोकियाने सुरक्षेचा बडगा उगारला. प्रत्येक ॲपला प्रमाणपत्र हवं. ‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’ अशी पाटी झळकली की जाणकार मित्र फोन हातात घेई, तारीख एक-दोन वर्षं मागे नेई, ॲप चढवी आणि तारीख पुन्हा जागेवर आणून ठेवी. ही विद्या कुठल्याही पुस्तकात नव्हती, गुरुमुखातूनच मिळायची.

गार्टनर या संस्थेच्या हिशेबाने २००७ मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी ६३.५ टक्के सिंबियनचे होते. इतकी मोठी सद्दी त्यानंतर अँड्रॉइडखेरीज कुणाला लाभली नाही.

ब्लॅकबेरीचं प्रकरण निराळं. तो आवडीपेक्षा हुद्द्याने मिळे. कॅनडातल्या वॉटर्लूच्या ‘रिसर्च इन मोशन’ कंपनीने २००४ मध्ये एअरटेलबरोबर तो भारतात आणला, तेव्हा त्याचे ग्राहक म्हणजे बँका, सल्लागार कंपन्या, नरिमन पॉइंटवरची ऑफिसं. ईमेल आल्याआल्या फोनवर टपकणं हीच त्या काळी चैन होती. कमरेला ब्लॅकबेरीची कातडी पिशवी असलेला माणूस लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यातही दोन्ही अंगठ्यांनी कामं करत असे आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही असे. मग स्वस्त ‘कर्व्ह’ आला आणि कॉलेजातल्या मुलांना बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर, सापडलं. फोन नंबर द्यायची गरज नाही, आठ अक्षरांची पिन द्यायची. व्होडाफोनने २०१० मध्ये नेमकं हेच हेरून जाहिरात काढली. सुटाबुटातल्या साहेबांच्या गाण्यात रंगीबेरंगी कपड्यांतली तरुण मंडळी घुसतात, ही तिची गंमत.

बीबीएमची भरभराट समजून घ्यायची तर एसएमएसचा हिशेब आठवावा लागतो. मेसेजचं पॅक मारलेलं असलं तरी दिवाळी, नववर्ष अशा दिवशी ते लागू होत नसे. नेमक्या शुभेच्छांच्या दिवशी प्रत्येक मेसेजला पैसे पडत. वर सप्टेंबर २०११ मध्ये नकोशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. नोव्हेंबरात ती दोनशेवर नेली, पण तोवर कॉलेजातली पिढी एसएमएसला विटली होती. कंपन्यांचा लोभ आणि सरकारी नियम या दोघांनी मिळून इंटरनेटवरून चालणाऱ्या मेसेजसाठी आयती मोकळी जागा करून दिली. आधी तिथे ब्लॅकबेरी बसला. मग व्हॉट्सॲप आलं.

दरम्यान ब्लॅकबेरीला सरकारशीही झुंजावं लागलं. त्याचे संदेश सांकेतिक रूपात परदेशातल्या सर्व्हरवरून जात, आणि सुरक्षा यंत्रणांना ते वाचता येत नसत. २०१० च्या ऑगस्टमध्ये गृहमंत्रालयाने महिनाअखेरची मुदत दिली. तोडगा न निघाल्यास सेवा बंद. सेवा बंद पडली नाही, चर्चा लांबत गेली आणि पुढे कंपनीने मुंबईत सर्व्हर बसवला. तोवर ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्या ग्राहकांचे अंगठे काचेवर चालू लागले होते.

ती काच आणली आयफोनने. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने तो दाखवला, हा प्रसंग आता इतक्यांदा सांगून झाला आहे की त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. भारतातला प्रसंग जास्त बोलका आहे. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आयफोन थ्रीजी इथे विकायला काढला. किंमत ३१,००० रुपये, मोठ्या मेमरीचा हवा असेल तर ३६,१००. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या कराराबरोबर १९९ डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ हजारांच्याही आत, मिळत होता. नावात थ्रीजी, पण देशात थ्रीजीचं जाळंच नव्हतं. खाजगी कंपन्यांसाठी त्या लहरींचा लिलाव २०१० मध्ये झाला. त्या आयफोनवर मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता, एमएमएस जात नव्हता, व्हिडिओ काढता येत नव्हता, मेमरी कार्ड घालता येत नव्हतं आणि बॅटरी काढून दुसरी बसवता येत नव्हती. सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे ब्लूटूथवरून मित्राला गाणं देता येत नव्हतं.

पाश्चात्त्य पत्रकारांनी तेव्हा भारताला आयफोन समजला नाही असा सूर लावला होता. उलट भारतीय ग्राहकाला तो नीट समजला होता. ज्या देशात फोनवरची गाणी, चित्रं, गेम हे सगळं हातोहात फिरत होतं, तिथे काहीच देता-घेता न येणारा फोन तिपटीहून जास्त किमतीत कुणी का घ्यावा? एन९५ त्याहून बरंच काही करत होता. कमी होती ती फक्त एकाच गोष्टीची, आणि ती त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही. जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडलं होतं. त्यात सुरुवातीला जेमतेम पाचशे ॲप होती, पण ती लिहिणं आणि विकणं सोपं होतं.

अँड्रॉइडची सुरुवात तर फोनसाठी झालीच नव्हती. २००३ मध्ये अँडी रुबिन आणि त्याच्या साथीदारांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे कंपनी काढली ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी प्रणाली बनवायला. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली, नोव्हेंबर २००७ मध्ये कंपन्यांची मोट बांधली आणि २००८ च्या ऑक्टोबरात पहिला फोन बाजारात आला. भारतात २००९ मध्ये एचटीसी मॅजिक आला, तोही महागडा. खरी उलथापालथ केली मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनी. २०१० मध्ये तिचा अँड्रॉइड फोन सात हजारांच्या आसपास आला. हे शक्य झालं कारण गूगल प्रणालीचे पैसे घेत नव्हतं, आणि चीनमध्ये तयार चिप, तयार आराखडा, तयार कारखाना असं सगळं एका छताखाली मिळत होतं. मायक्रोसॉफ्ट मात्र २०१४ च्या एप्रिलपर्यंत प्रत्येक फोनमागे परवान्याचं शुल्क आकारत राहिली. गार्टनरच्याच आकड्यांत २००९ मध्ये अँड्रॉइडचा जगातला वाटा ३.९ टक्के होता, २०१० मध्ये २२.७. फुकट माल आणि पैशाचा माल यांच्या शर्यतीत ‘आवड’ हा शब्द जरा जपूनच वापरावा.

या स्वस्त अँड्रॉइडमध्ये एक मोठी खोट होती, आणि तिचा फटका बसला तो मराठी वाचणाऱ्यांना. देवनागरीत ‘कि’ लिहिताना संगणकाच्या आत आधी क असतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी आणि क नंतर. जोडाक्षरांचंही तसंच, आत सुटे भाग, बाहेर एकजीव आकार. ही जुळणी करणारी यंत्रणा सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये नव्हती. बऱ्याच फोनांवर मराठी मजकूर म्हणजे चौकोनांची रांग. कुठे फॉन्ट असलाच तर वेलांटी भलत्या अक्षरावर, पाय मोडलेले शब्द, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. नोकियाच्या साध्या फोनांनी हिंदीपाठोपाठ २००५ पासून इतर भारतीय भाषाही दिल्या होत्या, कीपॅडवर देवनागरी अक्षरं छापली होती. आणि आता दुप्पट पैसे मोजून घेतलेल्या ‘स्मार्ट’ फोनवर वर्तमानपत्र उघडलं की चौकोन!

लोकांनी वाटा काढल्या. सर्वांत लोकप्रिय वाट ऑपेरा मिनी या ब्राउझरमधून जात होती. पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ असा शब्द टाईप करायचा, उघडलेल्या पानाच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी असलेला पर्याय चालू करायचा, म्हणजे ऑपेराचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं बनवून फोनकडे पाठवी. वाचता येई, कॉपी करता येत नसे. धाडसी मंडळी फोन ‘रूट’ करून आत फॉन्ट कोंबत. त्यात काही फोन कायमचे निवर्तले. हा उपद्व्याप करणाऱ्यांत मराठी ब्लॉग लिहिणारे-वाचणारे पुष्कळ होते, आणि त्यांनी एकमेकांना शिकवलेल्या युक्त्यांची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा होत नाही. व्हायला हवी. जुलै २०१२ मधल्या अँड्रॉइड ४.१ मध्ये हिंदी आली आणि देवनागरीची जुळणी बऱ्यापैकी सुधारली. मराठी ही फोनची भाषा म्हणून २०१४ मधल्या अँड्रॉइड ५.० मध्ये आली, आणखी चौदा भाषांबरोबर.

इकडे नोकियाच्या घरात आग लागली होती, निदान तिच्या प्रमुखाचं तसं म्हणणं होतं. मायक्रोसॉफ्टमधून २०१० मध्ये आलेल्या स्टीफन एलॉपने फेब्रुवारी २०११ मध्ये कर्मचाऱ्यांना एक पत्र धाडलं. समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या आणि जीव वाचवायला बर्फाळ पाण्यात उडी घेणाऱ्या माणसाची गोष्ट त्यात होती. ११ फेब्रुवारीला उडी कुठे घ्यायची तेही जाहीर झालं. सिंबियन सोडायची, विंडोज फोन धरायचा. हा निर्णय चुकीचा ठरला. पण तो जाहीर करण्याची पद्धत त्याहून वाईट होती. नवा फोन तयार नाही, आणि जुना निकालात काढला असं मालकानेच सांगितलेलं. विंडोजवर चालणारे नोकियाचे पहिले ‘ल्युमिया’ फोन यायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या आठ महिन्यांत, मालकच ज्याला मेलेला म्हणतो तो फोन कुणी घ्यावा?

याच सुमारास गार्टनरने भाकीत केलं, की २०१५ मध्ये विंडोज फोन १९.५ टक्के वाटा घेऊन आयफोनच्या पुढे असेल. भविष्य सांगणाऱ्या पंचांगवाल्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

तरीही ल्युमियावर जीव लावणारी माणसं होती, आणि ती आजही भेटतात. त्यांच्या आवडीला आधार होता. एप्रिल २०१३ मध्ये १०,४९९ रुपयांना आलेला ल्युमिया ५२० अवघ्या ५१२ एमबी मेमरीत लोण्यासारखा चाले, तेव्हा त्याच किमतीचा अँड्रॉइड दिवसातून दोनदा हँग होई. पडद्यावरचे जिवंत चौकोन, ठसठशीत अक्षरं, नोकियाची भक्कम बांधणी. त्या वर्षी भारतात विंडोज फोन आयफोनपेक्षा जास्त विकला जात होता. पण मायक्रोसॉफ्टने आपल्या भक्तांना दोनदा दुखावलं. पहिल्या ल्युमियांना विंडोज फोन ८ मिळणारच नाही असं २०१२ मध्ये जाहीर केलं, खरेदीला वर्षही झालं नसताना. आणि ॲपचा दुष्काळ शेवटपर्यंत संपला नाही. इन्स्टाग्राम २०१३ च्या अखेरीस आलं, तेही अर्धवट. स्नॅपचॅट कधीच आलं नाही. यूट्यूबच्या ॲपवरून गूगल आणि मायक्रोसॉफ्ट भांडत बसले.

सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घ्यायचं ठरवलं, ५.४४ अब्ज युरोंना. हैदराबादेत वाढलेले सत्या नाडेला तेव्हा कंपनीतले वरिष्ठ अधिकारी होते. या सौद्याविरुद्ध आपण मत दिल्याचं त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात लिहिलं. २०१४ च्या फेब्रुवारीत तेच प्रमुख झाले आणि जेमतेम दीड वर्षात, जुलै २०१५ मध्ये, त्यांनी या सौद्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करविषयक वादामुळे या सौद्यात गेलाच नाही. २००६ मध्ये सुरू झालेला तो कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला आणि हजारो तरुण कामगार, त्यांत मुली पुष्कळ, घरी बसले. सौदा पूर्ण व्हायच्या दीड महिना आधी नोकियाने भारतात ‘नोकिया एक्स’ काढला होता. तो अँड्रॉइडवर चालत होता! जी गोष्ट चार वर्षं आधी करायला हवी होती, ती विकल्या जाणाऱ्या कंपनीने जाता जाता करून दाखवली.

भारतात एखादी प्रणाली नेमकी कधी मेली हे ठरवायचं असेल, तर कंपनीचं निवेदन पाहू नये, व्हॉट्सॲपच्या तारखा पाहाव्यात. सिंबियनवरचं व्हॉट्सॲप ३० जून २०१७ ला बंद झालं, ब्लॅकबेरीवरचं त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, विंडोज फोनवरचं ३१ डिसेंबर २०१९ ला. यातल्या प्रत्येक तारखेच्या आधी काही आठवडे घरोघरी तोच संवाद झाला असणार. फोन उत्तम चालतोय, पण सोसायटीचा ग्रुप दिसणार नाही म्हणून बदलावा लागतोय. गार्टनरने २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत ब्लॅकबेरीचा वाटा ०.० टक्के लिहिला. तोही उगाच शून्य नव्हता; त्रेचाळीस कोटी फोनांत दोन लाखांच्या आसपास ब्लॅकबेरी होते, दशांशात मावेनात.

या मोठ्या पडझडीत काही छोटे प्रयोग भारतातच झाले. डिसेंबर २०१४ मध्ये तर प्रणालीवरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. अँड्रॉइडच्याच पोटी जन्मलेली ‘सायनोजेन’ ही आवृत्ती हौशी मंडळींत फार लोकप्रिय होती. तिच्या कंपनीने भारतासाठीचे हक्क मायक्रोमॅक्सला दिले, आणि तीच प्रणाली घेऊन वनप्लसचा फोनही इथे आला होता. मायक्रोमॅक्स कोर्टात गेली, वनप्लसच्या विक्रीला काही दिवस स्थगिती मिळाली, मग ती उठली. दोन वर्षांत सायनोजेन कंपनीच गुंडाळली गेली.

मुंबईतला प्रयोग जास्त महत्त्वाचा. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बी. यांनी अँड्रॉइडवर भारतीय भाषांचा थर चढवून ‘इंडस ओएस’ बनवली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्ससारख्या देशी फोनांवर येऊ लागली. अक्षर टाईप केलं की त्याला लागणाऱ्या मात्रा पुढ्यात हजर. आलेला इंग्रजी मेसेज बोट फिरवून आपल्या भाषेत. इंग्रजी न येणाऱ्याला ॲप उतरवायला ईमेलचं खातंही लागत नसे. चिनी कंपन्यांनी देशी फोनवाल्यांना बाजारातून हुसकावलं तशी इंडसच्या पायाखालची जमीन गेली. पुढे फोनपेने ती कंपनी घेतली आणि २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ या नावाने तिचा नवा अवतार आणला. प्रणाली गेली, दुकान उरलं.

फायरफॉक्सची गत याच्या नेमकी उलट. २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स प्रणालीचा फोन १,९९९ रुपयांना काढला. टचस्क्रीन होता, पण इतका संथ की घेणाऱ्याने दुसऱ्यांदा घेतला नाही. तीच प्रणाली मोडीत निघाल्यावर तिच्यातून ‘कायओएस’ निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनमधून, १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर, बावीस भाषांसह लाखो घरांत पोचली. बटणांच्या फोनवर ती शोभली. जिओफोन घेणाऱ्यांपैकी किती जणांना कायओएस हे नाव माहीत होतं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सिंबियनचंही तेच होतं.

आता स्मार्टफोनवर दोनच प्रणाली उरल्या, अँड्रॉइड आणि आयफोनची. अमेरिकेत या दोघींतला कलह मेसेजच्या रंगावर येऊन ठेपला आहे. आयफोनवाल्यांच्या आपसातल्या मेसेजचा फुगा निळा, अँड्रॉइडवाल्याचा हिरवा, आणि शाळकरी मुलं हिरव्यांना गटाबाहेर ठेवतात. भारतात या निळ्या-हिरव्याला कवडीची किंमत नाही, कारण सगळे व्हॉट्सॲपवर. इथला भेद बिनबोलता होतो, फोनच्या पाठीवरून. ॲपलने एप्रिल २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आपलं देशातलं पहिलं दुकान उघडलं, त्याच्या सजावटीत मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आणली आणि टिम कुक यांनी माधुरी दीक्षितबरोबर वडापाव खाल्ला. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला दुकान आलं. हप्त्यांची सोय आणि जुना फोन देऊन नवा घेण्याची योजना यांनी आयफोन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला असला, तरी देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त फोन अँड्रॉइडच आहेत. त्यांच्यावर कुठली ॲप आधीपासून बसवलेली असावीत यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला; अपिलातही दंडाची रक्कम कायम राहिली.

आयफोनचा मेन्यू मराठीत आला मार्च २०२५ मध्ये, आयओएस १८.४ बरोबर. म्हणजे भारतात पाऊल ठेवल्यावर साडेसोळा वर्षांनी, आणि अँड्रॉइडच्या दहा वर्षं मागून. ज्या मराठी माणसाला फोन आपल्या भाषेत हवा होता, त्याच्यापुरता ‘अँड्रॉइड की आयफोन’ हा प्रश्न तोवर सुटलेलाच होता. आता दोन्हीकडे मराठी आहे, पण अनेक घरांत फोनची भाषा अजून इंग्रजीच आहे. हातातला फोन कुठल्याही घराण्याचा असो, सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा भाषा मराठी करून पाहावी. शब्द अवघडलेले, चुकीचे वाटले तर कंपनीला तसं कळवावं. नोकियाच्या कीपॅडवरची देवनागरी अक्षरं गेली तेव्हा आपण कुणीच तक्रार केली नव्हती.